समुद्रलिली चालली

सकाळच्या चहाला समुद्रलिली चालायला लागली आणि ते बघत बसलेल्या तिच्या हातातला कप बशीत असा काही आपटला की कपाच्या कानाचा टवका उडून गोंदाच्या डब्यात पडला. तिने कप बाजूला सरकवला आणि लॅपटॉपच्या पडद्याकडे आणखी वाकून पाहिलं. वाकून म्हणजे नुसती मान पुढे करून. कंबरेतून वाकणं तिने बरेच दिवस सोडून दिलं होतं. पडद्यावर काळंकुट्ट पाणी होतं, त्यात खोलवर सोडलेल्या कुठल्याशा यंत्राच्या दिव्याचा झोत होता, आणि त्या झोतात, तळाच्या राखाडी गाळावर, समुद्रलिली आडवी पडली होती. पडली कसली! तिने पिसांसारखे हात पुढे टाकले, हातांची टोकं गाळात रोवली, अंग ओढलं, की पुन्हा हात पुढे. मागे तिचा लांबलचक दांडा, खांद्यावरून सुटलेली शाल लोळत यावी तसा, फरफटत येत होता. संग्रहालयाच्या मागच्या अंगाच्या त्या वर्कशॉपात मेणाचा आणि टर्पेंटाइनचा वास नेहमीसारखाच होता, खिडकीबाहेर कुणीतरी ट्रक मागे घेत होतं, आणि एवढी मोठी गोष्ट घडल्याचा कुणालाच पत्ता नव्हता.

"परत लावा," ती म्हणाली.

प्राणिशास्त्राच्या बाईंनी परत लावलं. लिली परत चालली. बाई म्हणजे संग्रहालयातल्या झाडून सगळ्या मेलेल्या जिवांच्या प्रमुख. साठीला टेकल्या होत्या, पण असं काही नवं हाती लागलं की शाळा बुडवून आलेल्या मुलीसारखा त्यांचा चेहरा व्हायचा.

"फिल्मचा वेग वाढवलाय ना?"

"मुळीच नाही. अशीच जाते ती. गोगलगाय मागे पडेल."

"पण समुद्रलिली चालत नाही, बाई."

"हो, पण हे तिला कुणी कळवलेलं दिसत नाही," बाई म्हणाल्या आणि स्वतःच्याच विनोदावर खूश होऊन बिस्किट चहात इतका वेळ बुडवून बसल्या की ते आतच राहिलं. "ही फिल्म काढणाऱ्या लोकांना म्हणे ठाऊक होऊन वर्षं झाली. आपल्या कपाटापर्यंत बातमी आत्ता पोचली."

चालत नाही हे तिला पक्कं माहीत होतं, कारण तिनेच तर लिलीला खिळवून ठेवलं होतं. वरच्या मजल्यावर, 'समुद्राचा तळ' नावाच्या खोलीएवढ्या काचेच्या कपाटात, तिच्या हातची समुद्रलिली कित्येक वर्षं ताठ उभी होती. नावात फूल, पण जात प्राण्याची. तारामाशाची चुलतबहीण म्हणा ना. भोकं पडलेल्या चुन्याच्या चकत्या एकीवर एक रचून झालेला दांडा, वर इवलंसं पेल्याएवढं अंग, त्यातून फुटलेले हात, हातांना दोन्ही बाजूंनी पिसासारख्या काड्या, आणि काड्यांना दिसतील न दिसतील अशी चिकट पावलं. डोळे नाहीत, मेंदू नाही. तोंड वरच्या बाजूला आणि नको ती जागा तोंडाच्या शेजारीच, या माहितीवर शाळेच्या सहली हमखास खिदळायच्या. वरून सतत पडत राहणारा मेलेल्या जिवांचा बारीक चुरा ती झेलते, आणि तोही प्रवाहाकडे पाठ करून. हातांचा पंखा पाण्यावर उलटा कलता धरायचा, पाणी त्यातून गाळून जाऊ द्यायचं, आणि तोंड मागच्या आडोशाला ठेवायचं. "जगाकडे पाठ करून पोट भरणारी ही एकच शहाणी," असं वर्कशॉपातले म्हातारे मिस्त्री म्हणायचे. त्यांनीच तिला हे काम शिकवलं होतं. मेण कसं वितळवायचं, रंगावर रंग कसा बसवायचा, आणि शेवटी नमुन्याच्या पोटातून स्टीलची सळई घालून खाली नट कसा आवळायचा. "पक्कं कर, पोरी. हलतं ते खेळणं, हलत नाही तो नमुना," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. तिने ते इतकं मनावर घेतलं होतं की घरातली टेबलंसुद्धा पायाखाली पुठ्ठे घालून स्थिर केली होती. लिली घडवताना तिच्यासमोर होत्या त्या स्पिरिटाच्या बाटल्या. त्यांत जाळ्याने वर ओढताना मोडलेल्या, रंग उडून पांढऱ्याफटक पडलेल्या लिल्या. मेलेलं कोण चालणार? रंग तर तिने चक्क मनाने घातला होता, लिंबाच्या पिकल्या सालीचा. जिथे उजेडाचा कणही पोचत नाही तिथे हा पिवळा कशाला, कुणासाठी, म्हणून मिस्त्री चिडले होते, आणि तिला उत्तर देता आलं नव्हतं. आता पडद्यावर चालणारी ती नेमकी त्याच पिवळ्या रंगाची होती. रंग बरोबर आला होता, चाल चुकली होती. तिच्या पोटातून हसू वर येऊ लागलं आणि तिने ते तिथेच अडवलं.

पोटातून काही वर येऊ देणं, पोटाला धक्का लागू देणं, जोरात हसणं, जिना चढणं, यातलं काहीच ती हल्ली करत नव्हती. काठोकाठ भरलेलं भांडं डोक्यावर घेतल्यासारखी ती घर ते बस, बस ते लिफ्ट, लिफ्ट ते स्टूल अशी जायची. आधी दोनदा झालं होतं ते तिसऱ्यांदा होऊ नये एवढीच या सगळ्यामागची गोष्ट. दोन्ही वेळा ज्या सुमाराला सगळं संपलं तो सुमार यंदा मागे पडला होता. यंत्रावर ठोके ऐकू आले होते, डॉक्टरीणबाई हसल्या होत्या, पण आत काही म्हणजे काही हललेलं तिला जाणवलं नव्हतं. "वार, म्हणजे प्लॅसेंटा, पुढच्या अंगाला आहे तुमची. मध्ये उशी धरल्यासारखं होतं. तुम्हाला उशिरा कळेल, घाबरू नका," डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. घाबरू नका म्हणणाऱ्यांचं काय जातं! ती अंथरुणात निजून आत कान लावायची, आणि जितका कान लावावा तितकी शांतता वाढत जायची. घरात त्या शब्दाचा उच्चार व्हायचा नाही. तसं कुणी ठरवलं नव्हतं, पण पहिल्या वेळेला दोघांनी तो शब्द फार वापरला होता, नावंसुद्धा काढली होती, आणि मग तो शब्द तोंडात कडू झाला होता. आता ती आणि तिचा नवरा 'ते' म्हणायचे. ते ठीक असेल ना, त्याला हे चालेल ना. पाहुणा यायचा आहे आणि तो येणार की नाही हे माहीत नाही, तर ताटं कशाला मांडा! बाईंनाही तिने काही सांगितलं नव्हतं. पण महिनाभर बाई तिच्या टेबलावर रोज एक सफरचंद ठेवून जायच्या, आणि का ते सांगायच्या नाहीत.

"तर," बाई म्हणाल्या, "तिला उभी ठेवून चालायचं नाही. खाली उतरवायची आणि चालती करायची. परवापासून शाळा येणार आहेत."

"नाही जमणार. मोडेल ती."

"अगं, मोडली तर मोडली. ती खऱ्यातसुद्धा मोडते, हे पुढचं बघ." बाईंनी फिल्म पुढे ढकलली. गाळातून एक सी-अर्चिन, काट्यांचा चेंडूच, हळूहळू लिलीकडे सरकत होता. "हा हिला खातो. मग ही काय करते? दांड्याचं शेपूट टाकून देते आणि निघते. पालीसारखं. हा बसतो तो तुकडा चघळत, तोवर ही लांब."

"आणि तुटलेलं?"

"तुटलेलं तिथेच. ही पुढे."

"मग तिला ते परत..."

"हात तुटले तर हात फुटतात. दांडा वरून वाढत राहतो. एवढी नाजूक दिसते, पण या लिल्या माणसाच्या कितीतरी आधीपासून आहेत. उगाच का!"

तिला राग आला. कुणाचा ते कळेना, म्हणून तिने तो बाईंवर काढला आणि "बघते" एवढंच तुटकपणे म्हणून ब्रश धुवायला लागली. ब्रश स्वच्छच होते. तुटलेलं तिथेच, ही पुढे. असं कुठे असतं? तिला हॉस्पिटलचा तो पॅसेज आठवला. दुसऱ्या वेळी तिला आत नेण्याआधी तिथे एका बाकावर बसवलं होतं. नवरा खिडकीशी कागदांवर सह्या करत होता आणि ती मान खाली घालून फरशीकडे बघत होती. फरशी करड्या चुनखडीची, पॉलिश केलेली, आणि तिच्यात ठिकठिकाणी बारीक पांढरी कडी, मध्ये भोक असलेली. तिला लगेच ओळखू आलं होतं. लिलीच्या दांड्याच्या चकत्या. कुठल्या तरी आटलेल्या समुद्राच्या तळाशी सुटून विखुरलेल्या, दगड झालेल्या, आणि आता त्यांच्यावरून ट्रॉल्या जात होत्या. तेव्हा तिला एवढंच वाटलं होतं, की बघ, असं असतं, राहतं ते हेच. त्यानंतर ती अशा दगडावर पाय द्यायची नाही. आणि संग्रहालयाचा मोठा जिना तर नेमका त्याच दगडाचा होता, म्हणून लिफ्ट. डोक्यावरच्या त्या भरल्या भांड्याची काळजी होतीच, पण खरं कारण हे होतं, आणि ते तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

नवरा लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा, आणि तो तिला मिळाला होता तोही याच लिफ्टमध्ये. एका हातात तारामाशाचा ओला नमुना घेऊन ती दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती, दिवा गेला होता, आणि ती आता रडावं की ओरडावं याचा विचार करत असताना दारावर बोटाच्या पेराने कुणी हळूच टकटक केली. "आत कोण आहे?" बाहेरून आवाज आला. ती म्हणाली, "मी आणि एक तारामासा." मग आवाज म्हणाला, "दोघांनीही घाबरू नका. आहात तिथेच राहा, मी आलोच." पुढे लग्न झाल्यावर तिने विचारलं होतं, आधी दार उघडायचं सोडून चौकशा कसल्या करत बसतोस? तो म्हणाला, "माणूस आत अडकला की आधी त्याला विचारायचं, कोण आहे. त्याने सांगितलं की निम्मी भीती जाते. त्याचीही आणि माझीही." त्यांच्या कामात म्हणे हे जुन्या लोकांपासून चालत आलं होतं. पान्याला हात लावायच्या आधी टकटक.

संग्रहालय त्या दिवशी बंद होतं. दुपारी ती लिफ्टने वर गेली, कपाटाचं मागचं दार उघडलं आणि समुद्राच्या तळात शिरली. स्पंजांमधून, मेणाच्या माशांखालून, निळसर काळ्या रंगवलेल्या भिंतींच्या मधोमध ती हळूच खाली बसली. लिलीच्या पायथ्याची प्लास्टरची पट्टी उचलल्यावर नट दिसला. पाना लावला, ढिम्म. पुन्हा लावला, नट हलेना आणि तिच्याने जोर करवेना. एवढं साधं काम, पण मिस्त्र्यांचा शब्द आणि तिचा हात दोन्ही एकदम आड आल्यासारखं झालं. तिने नवऱ्याला फोन लावला.

"नट बसलाय."

"कुठला? तू कुठेयस?"

"समुद्राच्या तळाशी."

"बरं," तो म्हणाला. पाठीमागे कसलीशी साखळी खडखडत होती. "जोर लावलास का?"

"नाही रे."

"लावूही नकोस. वंगण आहे ना? दोन थेंब सोड आणि सरळ बसून राहा. बसलेल्या वस्तूला जरा विचार करायला वेळ द्यायचा. आपण घाई केली की ती हट्टाला पेटते." मग थांबून, आवाज खाली आणून, "आणि ते... ते ठीक आहे ना?"

"ठीक असेल."

तिने दोन थेंब सोडले आणि बसून राहिली. करण्यासारखं काहीच नव्हतं. इतक्या दिवसांत असं पहिल्यांदाच झालं, की आत कान न लावता ती नुसती बसली होती. कपाटातला दिवा तिने मुद्दाम लावला नव्हता. पलीकडच्या दालनाच्या उंच खिडकीतून येईल तेवढाच उजेड काचेतून आत झिरपत होता, आणि त्यात धुळीचे कण सावकाश खाली येत होते. लिलीच्या वर उचललेल्या पिवळ्या हातांवर ते उतरत होते. बाईसाहेबांचं जेवण चाललंय, तिच्या मनात आलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिने आपल्या लिलीकडे नुसतंच पाहिलं. रंग कुठे उडालाय, काडी कुठे वाकलीय हे न शोधता. काय सुंदर होती ती! तिला स्वतःचीच दृष्ट लागेल असं वाटलं. एकेक काडी तिने केसाएवढ्या तारेवर मेण चढवून केली होती. त्या वर्षी तिची बोटं कायम पिवळी असायची, आणि बसमधली माणसं तिच्या हातांकडे बघून सरकून बसायची. आणि हे एवढं सगळं, हा पंखा, ही नक्षी, कुणी बघावं म्हणून नव्हतंच मुळी. बघायला तिथे डोळेच नाहीत. आपल्या मजेत, काळोखात, पिवळी. मिस्त्र्यांना उत्तर द्यायचं राहून गेलं होतं ते हेच असावं. कुणासाठी कशाला? आहे, म्हणून आहे. जाळ्यांनी तिला किती खरवडून वर आणलं, बाटल्यांत घातलं, माणसांनी तिच्यावर कायमची स्थिर म्हणून शिक्का मारला, आणि तेवढा सगळा वेळ ती खाली, कुणी बघत नसताना, खुशाल चालत होती. कुणी बघितलं नाही म्हणून चालायची थांबली नव्हती. हा विचार तिच्या मनात पुरता उमटायच्या आतच, बेंबीच्या खाली, डाव्या अंगाला, कुणीतरी आतून पिसाच्या टोकाने एकदा पुसून गेलं.

तिने श्वास धरला. वाऱ्याचं काही असेल. सफरचंद असेल. मनाचे खेळ असतील. मन म्हणजे काही कमी लबाड नाही. ती बसून राहिली. लिली, स्पंज, मासे, भिंतीवरचा रंगवलेला काळोख, सगळं बसून राहिलं. आणि मग पुन्हा, आता जरा उजवीकडे, जरा घाईत, काहीतरी पुढे टाकून, रोवून, ओढून घ्यावं तसं. सफरचंद असं चालत नाही. तिच्या घशातून एक असा आवाज निघाला की काचेला लागून तो परत आला आणि तिची तीच दचकली. सकाळपासून अडवलेलं हसू आता कुणाच्या बापाला ऐकेना. ती समुद्राच्या तळाशी बसून, दोन्ही वंगणाचे हात पोटावर धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. पोट गदागदा हललं आणि कशालाही काही झालं नाही. उलट आतून आणखी एक टोला आला, काय चाललंय बाहेर, अशा थाटाचा.

हसू ओसरल्यावर तिने सवयीने पाना उचलला. नट लोण्यासारखा फिरला. सळई काढताना दांडा खालून करकरून तुटला आणि बोटभर तुकडा प्लास्टरमध्ये उभाच राहिला. सकाळी हे झालं असतं तर ती दिवसभर जेवली नसती. तिने त्या तुकड्याकडे पाहिलं, त्याच्या टोकावरून हलकेच बोट फिरवलं. हा काढायचा नाही, तिने ठरवलं, हा इथेच राहील. लोकांना दिसू दे की ही इथे होती आणि इथून निघाली. हॉस्पिटलमधल्या त्या दोन्ही दुपारी तिला आठवल्या, आणि तिला खूप वाईट वाटलं, आणि ते वाईट वाटणं तिथेच उभं राहिलं. तिच्या मागे आलं नाही. मग तिने लिलीला अल्लाद आडवी केली, तिचे हात एकेक करून पुढे गाळावर टाकले, मागे दांडा लोळता ठेवला. डोकं जरा दाराच्या दिशेने केलं. आता ती खरोखरच निघाल्यासारखी दिसत होती.

"हललं," तिने फोनवर सांगितलं.

"बघ, म्हटलं नव्हतं? वंगण सोडून जरा थांबलं की नट..."

"नट नाही रे."

साखळीचा खडखडाट थांबला. "तिथेच थांब," तो शेवटी म्हणाला, आणि त्याचा आवाज त्याचा राहिला नव्हता. "जागची हलू नकोस. मी आलोच."

हलू नकोस! आज कोण ऐकणार होतं? ती कपाटाबाहेर आली, लिफ्टच्या दारासमोर क्षणभर उभी राहिली, आणि मग वळून मोठ्या जिन्याकडे गेली. वर काचेचं छत होतं आणि दुपार कलली होती, त्यामुळे पायऱ्यांवर तिरपा उजेड पडला होता आणि दगडातली पांढरी कडी अन् कडी दिसत होती. विखुरलेल्या चकत्या, एकाजवळ एक, हजारो. तिने पहिल्या पायरीवर पाय ठेवला. दगड थंड होता, दुसरं काही नव्हतं. ती कठडा धरून उतरू लागली आणि उतरता उतरता तिला वाटलं की या सगळ्या टाकून दिलेल्या शेपट्या असतील; इथे एवढ्या राहिल्या म्हणजे पुढे किती निघून गेल्या असतील!

तो खालून दोन दोन पायऱ्या एकदम चढत आला. जवळच्याच इमारतीत काम असावं. अंगावर डांगरी तशीच, गालावर ग्रीसचा पट्टा. जिन्याच्या मध्यावर दोघं भेटली. तिला पायऱ्यांवर पाहून तो रागवायच्या बेतात होता, पण त्याला ते जमलं नाही.

"बस, बस आधी," तो म्हणाला, आणि तीच उभी राहिली नि तो मटकन खाली बसला. मग तीही त्याच्याशेजारी बसली. त्याने हात डांगरीला पुसले, आणखी पुसले, आणि एक तळवा तिच्या पोटावर ठेवला, गरम यंत्रावर ठेवावा तसा, अंदाज घेत. दोघं थांबली. खालच्या दालनात बाई कुणाला तरी फोनवर लिलीची हकिगत सांगत होत्या, चालते हो, अगदी चालते, असा त्यांचा आवाज वर येत होता.

"बंद आहे," तो बऱ्याच वेळाने, कसंनुसं तोंड करून म्हणाला.

"बंद बिंद काही नाही. मध्ये उशी आहे म्हणून तुला कळत नाही. मला कळतंय, आत्तासुद्धा."

"आत्तासुद्धा?"

"आत्तासुद्धा."

त्याने तिच्याकडे पाहिलं. त्याच्या गालावरच्या ग्रीसमधून एक ओली रेघ खाली आली होती आणि त्याला तिची खबर नव्हती. मग तो पायरीवर आणखी खाली सरकला, मान वाकवली, आणि बोटाच्या पेराने तिच्या पोटावर, अगदी हळू, दोनदा टकटक केली.

"आत कोण आहे?" त्याने विचारलं.

तो शब्द फार दिवसांनी तोंडात आला होता, आणि तो कडू लागला नाही.

"बाळ आहे," ती म्हणाली.